गोड्या पाण्याची नोंद

मला एक सांगा, विश्वास कुणावर ठेवावा? रोज सकाळी येऊन अंगावरून मायेनं हात फिरवणाऱ्या माणसावर, की वर्षातून एकदा येऊन हातोडीनं ठोकून बघणाऱ्यावर? उत्तराची घाई करू नका. दोनशे वर्षं मी माणसं बघत आलेय, आणि या एका प्रश्नात मी स्वतःच पुरती फसले.

मी 'पेशन्स' बोलतेय. पेशन्स म्हणजे धीर. अडतीस तोफांची, तीन डोलकाठ्यांची लाकडी युद्धनौका. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर स्कार्नमथ म्हणून बंदर आहे, तिथल्या कोरड्या गोदीत माझा मुक्काम. पोटाखाली पाणी नाही. ठोकळ्यांच्या रांगेवर कणा टेकवून, दोन्ही कुशींना टेकू लावून मला उभं केलंय. म्हाताऱ्या माणसाला उशा लावून बसवतात ना, तसं.

हजाराच्या वर ओकची झाडं माझ्यात गेली आहेत. सरळ फळीला कुठलंही सरळ झाड चालतं, पण माझ्या बरगड्या वाकड्या. त्यांना वाकडंच वाढलेलं लाकूड लागतं. सरळ ओंडका कापून वाकडा केला तर तो वजन घेत नाही. म्हणून मिस्त्री लोक पातळ फळीचे नमुने खांद्यावर टाकून रान पालथं घालायचे. फांदीला नमुना लावून बघायचा, नाही जुळला की मान हलवायची आणि पुढच्या झाडाकडं जायचं. मुलगी बघायला निघाल्यासारखे! एका बरगडीसाठी सव्वीस झाडं नाकारलेली मला ठाऊक आहेत.

मग दोन वर्षं मला नुसती बरगड्यांवर उभी ठेवली, लाकूड वाळावं म्हणून. वरून फळ्या ठोकल्या, आणि दोन बरगड्यांच्या मधे जी पोकळी राहते तीत खडेमीठ भरलं. लोणच्याच्या बरणीत भरतात तसं दाबून. मीठ हे माझं औषध. समुद्र मला टिकवतो, हे तेव्हाच्या कुठल्याही सुताराला सांगावं लागत नव्हतं. खलाशी रोज पहाटे समुद्राचंच पाणी ओतून, गुडघ्यावर बसून, वाळूच्या दगडानं माझं डेक घासायचे. शिव्या देत घासायचे, पण घासायचे खाऱ्या पाण्यानं.

लढाई मी एकदाच केली, चाळीस मिनिटं. सतरा माणसं गेली. त्यांची नावं आता पितळी पाटीवर आहेत आणि शाळेची सहल आली की मुलं ती मोठ्यानं वाचतात, हजेरी घेतल्यासारखी. 'हजर' म्हणणारं कुणी नसतं. बाकीचा सगळा काळ मी वाट बघण्यात घालवला. नाव ठेवणाऱ्यानं ओळखूनच ठेवलं असावं.

त्या काळातली एक गोष्ट सांगते. माझ्यावर जेबेझ नावाचा सुतार होता. लाकडी जहाजात थोडं पाणी झिरपतंच. रोज सकाळी पोटात लोखंडी गज सोडून ते मोजायचं आणि कप्तानाला आकडा सांगायचा, हे त्याचं काम. एकदा तीन दिवस वादळ चाललं होतं. जेबेझ वर आला आणि म्हणाला, "एकोणीस इंच." शेजारचा तरुण अधिकारी दबक्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री, माणसं ऐकतायत. नऊ सांगा." जेबेझनं टोपी काढली. "सांगतो की, साहेब. पण मग पंपावर माणसंही तुम्ही नऊ इंचांचीच लावाल." कप्तानानं पंपावर दुप्पट माणसं लावली. म्हणून मी आज तुमच्याशी बोलतेय.

पुढं लोखंडी जहाजं आली आणि माझी डोलकाठ्यांसकट सगळी शोभा उतरवली. एका व्यापाऱ्यानं मला गोदाम म्हणून घेतलं. डांबराची पिंपं, दोरखंडाची वेटोळी, शिडाचं कापड, मेणबत्त्या. माणूस मोठा गोड. गिऱ्हाईक शिडी चढून आलं की आधी चहा, मग घरच्यांची चौकशी, आणि भाव अगदी शेवटी, सहज आठवल्यासारखा. तो गेल्यावर कोळसा भरला, कोळसा संपल्यावर काहीच भरलं नाही. खाडीच्या चिखलात मी एका कुशीवर पडून राहिले. बगळे बसायचे. साठ वर्षांपूर्वी एका उधाणाच्या भरतीला स्कार्नमथच्या लोकांनी दोर बांधून मला ओढून काढलं. गावचा बँड वाजत होता, बायका खोक्यांतून सँडविच वाटत होत्या, आणि माझ्या तळातून चिखलाचे फवारे उडून सगळ्यांचे रविवारचे कपडे खराब होत होते. कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. तेव्हापासून मी या गावाची.

आता माझ्याकडं पाहुणे येतात. दहाला दार उघडतं. खालच्या मजल्यावर तुळया इतक्या बुटक्या आहेत की प्रत्येकाचं डोकं आपटतं. 'डोकं सांभाळा' ही पाटी वाचता वाचता आपटतं. आपटलं की माणूस आधी कुणी बघितलं का ते बघतो आणि नंतर कपाळ चोळतो. मग ठरलेलं वाक्य येतं, "तेव्हाचे लोक किती बुटके होते, नाही?" आणि माझी डोरीन ठरलेलं उत्तर देते, "बुटके नव्हते हो, राजा. वाकायला शिकले होते."

डोरीन हेपल पाहुण्यांना मला दाखवते. वय सहासष्ट, अंगानं गोल, आवाज धुक्यातल्या भोंग्यासारखा. तिचा नवरा सिरिल आगीच्या बंबावर होता. निवृत्त झाला तेव्हा बंबाची एक जुनी नळी घेऊन आला आणि म्हणाला, एवढी मोठी लढवय्यी बाई, तिचा चेहरा तरी रोज धुवायला हवा. गोदीतल्या नळाला त्यानं ती नळी जोडली. सकाळी सातला दोघं यायची. सिरिल शीळ घालत पाणी मारायचा, डोरीन लांब दांड्याच्या झाडूनं पाणी पुढं ढकलायची. दीड वर्षापूर्वी सिरिल गेला. डोरीन एकटी येत राहिली. एका हातात नळी, एका हातात झाडू. शीळ तिला येत नव्हती.

आणि ऑस्विन ट्वेडल माझा मिस्त्री. सत्तरीचा, सडपातळ, कमी बोलणारा. दर मार्चमध्ये, ईस्टरची गर्दी सुरू होण्याआधी, तो लहान हातोडी घेऊन माझं एक एक लाकूड ठोकतो आणि कान लावून ऐकतो. चांगलं लाकूड खणखणतं. कुजलेलं लाकूड उशीवर बुक्की मारावी तसा आवाज देतं. तिथं तो खडूनं फुली काढतो, आणि संध्याकाळी जाड चामडी पुठ्ठ्याच्या वहीत लिहितो : कुठली तुळई, किती मऊ, कारण काय. मला चिखलातून काढल्यापासूनच्या सगळ्या मिस्त्र्यांनी त्याच वहीत लिहिलंय.

या मार्चमध्ये फुल्या चौदा झाल्या. डेकच्या खालच्या चौदा तुळया, सगळ्या टोकाशी, कुशीला टेकतात तिथं. गेल्या तीन वर्षांची पानं बघितलीत तर दर वर्षी फुल्या वाढलेल्या दिसतील, आणि कारणाच्या रकान्यात ऑस्विनच्या बारीक अक्षरात एकच शब्द : पाऊस.

वही वाचून माझी देखभाल बघणाऱ्या मंडळानं ठरवलं की पेशन्सच्या डोक्यावर कायमचं छप्पर घालायचं. गुरुवारी सभा, त्यात मंजुरी. डोरीनला केवढा आनंद! "ऐकलंस का, ऑस्विन? छप्पर आलं म्हणजे पावसातसुद्धा माझं धुणं चुकायचं नाही."

ऑस्विन म्हणाला, "हं."

मला तेव्हा ओरडता आलं असतं तर! कारण पावसाचं पाणी अधूनमधून पडतं आणि वाळून जातं, रोजच्या धुण्याचं वाळत नाही, आणि छपराखाली तर ऊन येणार नव्हतं, वारा येणार नव्हता, आणि रोज सकाळचं ते पाणी माझ्या सांध्यांत तसंच बसून राहणार होतं. छप्पर चढल्यावर चार-पाच वर्षांत माझं डेक खाली आलं असतं. आणि हे ऑस्विनला ठाऊक होतं.

मंगळवारी एक म्हातारा काठी टेकत शिडी चढला. जोब रटर. किनाऱ्यावरच्याच वरच्या अंगाच्या एका कोळीवस्तीतला, चौऱ्याऐंशी वर्षांचा, हातांची बोटं जाळ्याच्या दोरानं वाकडी झालेली. तिकीट घेतलं, माझ्या नाळेकडं, म्हणजे पुढच्या टोकाकडं, बघून टोपीला हात लावला आणि कडेनं चालत चालत एका जागी थांबला.

"जपून हं, आजोबा," डोरीन म्हणाली. "कडेला ओलं आहे."

"तेच बघतोय. पाऊस कधी पडला?"

"पाऊस कुठला? मी धुतलंय. एकतीस वर्षं रोज धुतेय."

म्हातारा काठी धरून कसाबसा गुडघ्यावर बसला. कडेच्या पन्हळीत साचलेल्या पाण्यात त्यानं बोट बुडवलं आणि तोंडात घातलं.

"अहो! तिकिटात डेक चाटणं येत नाही!"

पाहुणे हसले. जोब हसला नाही.

"पोरी, हे गोडं पाणी आहे."

"नळाचं आहे. आणि पोरी म्हणालात म्हणून तुम्हाला चहा माझ्याकडून. प्यालात तरी काही होणार नाही त्यानं."

"मला काय व्हायचंय! हिला होईल." त्यानं फळीवर हात ठेवला. "आमची लाकडी होडी होती. रात्रभर पावसात उघडी राहिली, तर सकाळी आई आम्हाला ताटावर बसू द्यायची नाही. आधी जाऊन समुद्राचं पाणी मारून या, मग गिळा. लाकडात गोडं पाणी मुरलं की लाकूड आतून कुजतं. खारं मुरलं तर टिकतं. इथं कुणालाच ठाऊक नाही हे?"

डोरीननं आपोआप ऑस्विनकडं बघितलं. अशा वेळी सगळे त्याच्याकडंच बघतात. तो चार पावलांवर शिडीवर उभा होता, हातात खडू. त्यानं मान हलवून म्हाताऱ्याला गप्प करावं, एवढीच तिची अपेक्षा होती. ऑस्विन हातातल्या खडूकडं बघत राहिला.

जोबनं कठड्याला धरून स्वतःला उठवलं, दोघांकडं आळीपाळीनं बघितलं, आणि "चहा राहू दे, पोरी" म्हणून हळूहळू उतरून गेला. कधी उठायचं हे कळणारा माणूस.

पाच वाजता दार बंद झालं. माझ्या जुन्या मुदपाकखान्यात, जिथं एकेकाळी अडीचशे माणसांसाठी मटण शिजायचं, तिथं आता विजेची किटली असते. डोरीननं पाणी ठेवलं, पण कप काढले नाहीत.

"म्हातारा बरोबर बोलला का?"

"हो."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्या वर्षी खात्री नव्हती. फुल्या सगळ्या कडेलाच का, एवढंच मनात आलं."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी सिरिल जाऊन चार महिने झाले होते. तू जेवत नव्हतीस, डोरीन. फोन उचलत नव्हतीस. सकाळी सातला इथं येऊन नळी धरायचीस, दिवसात तेवढंच एक काम करायचीस. तेही सोड म्हणून सांगू? कुठल्या तोंडानं?"

"आहे त्या तोंडानं!" किटलीची वाफ तिच्या चेहऱ्यावर येत होती, ती हलली नाही. "तू मला माझ्या हातानं हिला मारू दिलंस. तीन वर्षं! आणि वर रोज शिडीवरून म्हणायचास, आज काय झळकतेय बघ पेशन्स!"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला बरं वाटलं. हिचं काय?"

तुम्हाला सुरुवातीला विचारलं ना, विश्वास कुणावर ठेवावा? मी हात फिरवणारीवरही ठेवला होता आणि हातोडीवाल्यावरही. दोघांचाही माझ्यावर जीव. एकीनं न कळून मला कुजवलं, दुसऱ्यानं कळून कुजू दिलं, आणि तेही कुणाच्या तरी दयेपोटी. मला राग यायला हवा होता. पण दोन थकलेली माणसं माझ्या पोटात बसलेली, मधे उकळून थंड होत चाललेलं पाणी, आणि बाहेर गोदीच्या दारावर आपटणारा समुद्र. मला भीती वाटली ती दोघं आता काय करतील याचीच. गुरुवार दोन दिवसांवर होता. अजूनही गप्प बसणं सोपं होतं. नळी गुपचूप गुंडाळायची, छप्पर होऊ द्यायचं, कुणाला काही कळलं नसतं.

डोरीन म्हणाली, "वही आण."

त्यानं आणली. तिनं तीन वर्षांची तीन पानं वाचली, बोट ठेवून, शाळेतल्यासारखी.

"मी दुरुस्त करतो," ऑस्विन म्हणाला. "पाऊस खोडून 'गोडं पाणी' लिहितो. तेवढं पुरे. तुझं नाव कशाला?"

"पावसाचं पाणी खारं असतं वाटतं? नुसतं 'गोडं पाणी' वाचून तुझ्या मागून येणारा पुन्हा पाऊसच समजेल आणि पुन्हा छप्पर मागेल. पेन दे इकडं. आणि खोडायचं काही नाही, खालीच लिहायचं."

तिनं चष्मा लावला. मोठ्या गोल अक्षरात लिहू लागली, लिहिता लिहिता पुटपुटत : कारण पाऊस नव्हे. नळाच्या गोड्या पाण्यानं रोज डेक धुणं. एकतीस वर्षं. धुणारी, डोरीन हेपल.

मग पेन थांबलं. टोकाखाली शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"झालं की," ऑस्विन हलकेच म्हणाला.

"झालं नाही. सुरुवात त्यानं केली. नळी त्याची."

"अगं, गेलेल्या माणसाला कशाला..."

"सगळं एकटीच्या नावावर घेतलं तर तेही खोटंच, ऑस्विन." तिचा आवाज भोंग्यासारखा नव्हता आता. "तो वाईट हेतूनं नव्हता करत. पण केलं त्यानंच."

तिनं लिहिलं. सिरिल हेपल. नावातलं शेवटचं अक्षर आजही वाकडं दिसतं. मग पेन तिनं त्याच्यापुढं सरकवलं. ऑस्विननं खाली लिहिलं : खरं कारण ठाऊक असून पाऊस लिहिला. ऑ. ट्वेडल. बारीकच अक्षर, पण स्वच्छ.

गुरुवारी सभेत डोरीननं ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली. एका सभासदानं विचारलं, वही पाहुण्यांसाठी काचेत ठेवतो आपण, हे पान तेवढं चिकटवून टाकता येणार नाही का? डोरीननं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं पुढं आपल्या चष्म्याची डबी उघडण्यात आणि मिटण्यात सगळी सभा काढली. छप्पर रद्द झालं.

चौदातल्या तीन तुळया गेल्या. पूर्ण कापून काढाव्या लागल्या. बाकी अकरांची फक्त टोकं कापून ऑस्विननं नवा ओक जोडला. करवत चालताना दुखलं, खोटं कशाला सांगू. पण कापलेला भाग खाली पडला तेव्हा त्यातून भिजक्या ब्रेडसारखा भुगा सांडला, आणि तो बघायला डोरीन मुद्दाम उभी राहिली. तिनं मूठभर भुगा कागदात बांधून घरी नेला. कशासाठी, ते मला कळलं नाही. विचारणार कशी?

एप्रिलभर दोघं कामापुरतं बोलली. "शिडी धर." "धरली." मे महिन्यात ऑस्विननं कठड्याला एक कप्पी बसवली, दोराला बादली बांधली आणि काही न सांगता घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला डोरीननं ती बादली गोदीच्या दारापलीकडं समुद्रात सोडली. ओढताना दम लागला, अर्धं पाणी हिंदकळून तिच्याच बुटांत गेलं. उरलेलं तिनं माझ्या कडेच्या फळ्यांवर ओतलं. खारं. कित्येक वर्षांनी. माझ्या नव्या-जुन्या सांध्यांतून ते झिरपत गेलं आणि त्या दिवशी मी जराही करकरले नाही.

आता तिला रोज जमत नाही, आठवड्यातून दोनदा ओतते. ऑस्विन ठोकतो तेव्हा ती मागं उभी राहून स्वतः कान लावते, आणि आवाज बोदा आला की त्याच्या आधी "फुली!" म्हणून ओरडते. वही काचेत उघडी असते, त्याच पानावर. पाहुणे वाचतात आणि दबक्या आवाजात बोलू लागतात. एकानं विचारलं, "हे लिहिलेल्या बाई कोण?" तर म्हणाली, "मीच ती. चला, खाली जाऊ या, डोकं सांभाळा."

मी किती टिकेन ठाऊक नाही. आत अजून कुठं काय मुरलंय ते मलाही नीट कळत नाही. पण ज्यांच्या हातात मी आहे ते मला आता खरं काय ते सांगतात, आणि माझ्या वयाला एवढं पुष्कळ झालं.

तुमच्याकडंही जपायला दिलेलं काहीतरी असेलच. एखादं घर, झाड, म्हातारं माणूस. त्याचा हिशेब लिहीत चला. आपण काय काय केलं ते लिहायला हात चटकन पुढं येतो. त्याच पानावर हेही लिहा, की काय बिघडलं आणि कुणाच्या हातून बिघडलं. तो हात तुमचा असेल तर स्वतःचं नाव घाला. तुमच्या लाडक्या माणसाचा असेल तर त्याचंही घाला, अक्षर वाकडं आलं तरी चालेल. तेवढं पावसाच्या नावावर मांडू नका.